तोंडाशी आलेलं इंग्रजी

दहावीपर्यंत मी वर्गातली बोलकी मुलगी होते. कोपरखैरण्याच्या आमच्या मराठी शाळेत वक्तृत्व स्पर्धा असली की बाई मला न विचारताच माझं नाव देऊन टाकायच्या. मग वाशीच्या कॉलेजात सायन्सला गेले आणि सगळं इंग्रजीत सुरू झालं. फळ्यावरचं मला कळायचं. पुस्तकातलंही पुन्हा वाचलं की कळायचं. पेपरात मार्क चांगले पडायचे. फक्त बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप लागायचं.

जीभ टाळूला चिकटायची, कान तापायचे. सर रांगेने प्रश्न विचारत यायला लागले की आपल्या वाट्याला कोणता प्रश्न येणार हे मी आधीच हेरायचे आणि उत्तराचं वाक्य मनात जुळवायचे. 'इज' की 'वॉज', 'द' लावायचा की नाही. वाक्य जुळेपर्यंत सर समोर आलेले असायचे आणि ते जुळवलेलं वाक्य कुठे निघून जायचं कोण जाणे. मी मान खाली घालून उभी राहायचे. सर 'सिट डाउन' म्हणून पुढे सरकायचे. हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायचं असायचं, तेसुद्धा मी आधी मनात एकदा म्हणून घ्यायचे.

वर्गात कॉन्व्हेंटमधून आलेली एक मुलगी होती. ती सरांना मध्येच थांबवून शंका विचारायची आणि इंग्रजीत बोलता बोलता हसायची. मला तिच्या उच्चारांपेक्षा त्या हसण्याचं नवल वाटायचं. मी इंग्रजी वाक्य बोलायचं ठरवलं तर दोन्ही हातांनी घट्ट धरून, पावलं मोजत चालावं लागलं असतं आणि ही त्याच वाक्यात हसत होती. उतारावर हात सोडून सायकल चालवणाऱ्या पोरीकडे बघावं तसं मी तिच्याकडे बघायचे. हेवा नव्हता तो. एखाद्याला असंही जमतं, एवढंच वाटायचं आणि छाती भरून यायची.

घरी यातलं काही माहीत नव्हतं. आमचे आप्पा साताऱ्याकडून आलेले, तुर्भ्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. कोणी घरी आलं की ते सांगायचे, आमची पोरगी इंग्रजीतून केमिस्ट्री शिकते. पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघायचे आणि मी चहाचे कप उचलून आत जायचे.

कॉलेजात माझी एकच जवळची मैत्रीण होती, शिरवण्याची. गाव तिचं मूळचं. पूर्वी त्यांची भातशेती होती, ती नवी मुंबई वसवताना गेली. आता घरावर मजले चढवून त्यांनी खोल्या भाड्याने दिल्या होत्या. भाडेकरूंशी भांडायचं काम हिच्याकडे होतं. पाण्यावरून कोणी आवाज चढवला की ही गॅलरीत उभी राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलायची. त्या पोरीचंही वर्गात माझ्यासारखंच व्हायचं. एकदा लॅबमधून बाहेर पडताना ती मला म्हणाली, "मना येतंय गो सगला. पन तोंडातून भायेर नाय निंगत." मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. तोवर मला वाटत होतं, हा माझा एकटीचा आजार आहे.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत माझी पुरती फजिती झाली. परीक्षक बाहेरच्या कॉलेजचे होते. प्रयोग मी स्वतः केला होता, उत्तर अगदी बरोबर आलं होतं. त्यांनी विचारलं, हे तू केलंस तर कसं केलंस ते सांग. मी त्यांच्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. त्यांनी प्रश्न सोपा करून विचारला, मग आणखी सोपा. शेवटी ते सौम्यपणे म्हणाले की दुसऱ्याचं बघून करण्यापेक्षा चुकलेलं चाललं असतं. ते रागावले असते तर परवडलं असतं. मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून घरी आले आणि आईला डोकं दुखतंय असं सांगून पडून राहिले.

तिसऱ्या वर्षी केमिस्ट्रीच्या सरांनी आम्हाला तळोज्याला एक कारखाना दाखवायला नेलं. कपड्यांचे रंग तयार होत तिथे. नवीन यंत्र बसवलं होतं आणि ते चालू करून द्यायला इटलीहून एक इंजिनियर आला होता. तोच आम्हाला ते समजावून सांगणार, असं सरांनी बसमध्ये जाहीर केलं. आपल्याच सरांच्या इंग्रजीपुढे ही दशा, तर गोऱ्या माणसापुढे काय होणार. मी आणि मैत्रिणीने ठरवलं, सगळ्यात मागे उभं राहायचं.

यंत्र बघितलं आणि ठरवलेलं विसरायलाच झालं. मी यंत्र म्हणजे आप्पांच्या वर्णनातलं काहीतरी समजत होते, खटखट करणारं, तेलकट. हे वेगळंच होतं. तीन मजले उंच, चकचकीत स्टीलचं, वरून गोल आणि खाली निमुळतं होत गेलेलं, एखादा प्रचंड भोवरा उभा करून ठेवावा तसं. त्याच्याभोवती लोखंडी जिना वर चढत गेला होता. आतून अखंड घोंघावण्याचा आवाज येत होता आणि जिन्याच्या कठड्याला हात लावला की तो आवाज हातातून वर चढायचा.

इंजिनियर साठीच्या आसपासचा असावा. पांढरे केस, निळा डगला, बोटांना ग्रीस. त्याने आमच्याकडे बघून मान लववली आणि बोलायला सुरुवात केली. पहिल्या दोन वाक्यांतच आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. त्याला इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण आमच्याइतकंच. 'इज' नाही, 'आर' नाही, काळाचा पत्ता नाही. पुढच्या मुलांमध्ये हलकीशी खसखस पिकली. त्याने ती ऐकली असणार. तो थांबला, शांतपणे म्हणाला, "माय इंग्लिश स्लो. आय सर्च वर्ड, यू वेट." आणि खरोखरच छताकडे बघत शब्द शोधू लागला.

त्याच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, हे मी पहिल्यांदा बघितलं. घाईही नव्हती. खिशात किल्ली चाचपणाऱ्या माणसासारखा तो होता, किल्ली आहे हे त्याला माहीत होतं. आमचे सर, कारखान्याचे दोन मोठे साहेब, सगळे त्याचा शब्द सापडायची वाट बघत होते. शब्द सापडला तसा तो पुढे बोलू लागला. थोड्या वेळाने कोणाला हसू येईनासं झालं, कारण तो जे सांगत होता ते फार विलक्षण होतं.

रंगाचं पाणी पंपाने अगदी वर नेतात. तिथे एक चाक भयंकर वेगाने फिरत असतं. पाणी त्या चाकावर पडतं आणि फुटतं. खालपासून वरपर्यंत सगळीकडे तापलेली हवा खेळत असते. वरून पाणी निघतं आणि तळाला पोचते ती कोरडी पूड. मधल्या तेवढ्या पडण्यात सगळं वाळून जातं.

पाणी फुटून त्याचं नेमकं काय होतं, तिथे तो अडला. "वॉटर," तो म्हणाला, "बट नॉट वॉटर. व्हेरी स्मॉल. इन मॉर्निंग, ऑन रिव्हर." आणि बोटं हवेत अलगद हलवत खाली आणली. पुढून कोणी 'स्टीम' म्हणालं, कोणी 'व्हेपर', कोणी 'ड्रॉप्स'. प्रत्येक शब्द त्याने विचारपूर्वक ऐकला आणि प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणाला.

माझी मैत्रीण माझ्या कानाशी कुजबुजली, "धुका बोलतंय गो तो. खाडीवर सकाली असतंय ना, तसा."

आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "मिस्ट."

वाक्य नव्हतं ते, एकटा शब्द होता. त्याला काही लावायचं नव्हतं, काही जुळवायचं नव्हतं. इंजिनियरने गर्दीतून मला शोधलं, बोट दाखवलं आणि दोनदा म्हणाला, "मिस्ट. मिस्ट. थँक यू." मग त्याने तो शब्द लगेच वापरायला घेतला, जणू इतका वेळ त्याच्याकडे नसलेलं हत्यार कोणी हातात दिलं होतं.

थोड्या थोड्या जणांना त्याने जिन्यावरून वर नेलं. मधल्या मजल्यावर यंत्राला काचेची छोटी गोल खिडकी होती आणि आत दिवा लावलेला होता. माझी पाळी आली तसा मी डोळा काचेला लावला. आत निळं धुकं होतं. वरून, न थांबता, गोल फिरत ते खाली येत होतं. किती खोल आहे ते कळत नव्हतं. दिव्याच्या झोतात ते कुठे आकाशासारखं फिकं दिसायचं, कुठे गडद. मी बघत राहिले. मागून कोणीतरी चल म्हणत होतं. बाजूच्या तबकडीवर आतल्या हवेचं तापमान दिसत होतं, ते पाणी उकळण्याच्या कितीतरी वर होतं. आणि खाली इंजिनियरने तयार पुडीची एक चिमूट तळहातावर घेऊन दाखवली होती, ती जेमतेम कोमट, असं त्याने सांगितलं होतं. इतक्या धगीतून येऊन ती पूड जळत कशी नाही. हा प्रश्न माझ्या डोक्यात असा घुसला की दुसरं काही उरलं नाही.

मी वळले. इंजिनियर शेजारीच उभा होता. मी म्हणाले, "सर, एअर टू मच हॉट. व्हाय पावडर नॉट बर्न?"

त्याने हातातला पाना कठड्यावर ठेवला. "गुड," तो म्हणाला. "व्हेरी गुड क्वेश्चन." मग तो सावकाश सांगू लागला, मध्ये थांबत, हातांनी दाखवत. थेंबात पाणी आहे तोवर थेंब तापत नाही. उष्णता येते, ती पाणी घेतं आणि वाफ होऊन निघून जातं. जाता जाता आतल्या रंगाला थंड ठेवून जातं. आणि पाणी संपेपर्यंत हवाही निवलेली असते. त्याने कपाळावरचा घाम बोटाने पुसून मला दाखवला. "सेम," तो म्हणाला. "वॉटर गो, यू कोल्ड."

घामाचं मी शाळेत शिकले होते. बाष्पीभवनाने थंडावा येतो, हे मी परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण त्या जिन्यावर, त्या आवाजात, मला ते पहिल्यांदा दिसलं. आगीसारख्या हवेतून लाखो थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंब आपलं पाणी देत देत स्वतःला वाचवत होता. माझ्या अंगावर काटा आला. जगात असं चाललेलं असतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो, असं काहीसं मला वाटलं. नीट शब्दांत आजही सांगता येणार नाही.

जिना उतरून खाली आले तेव्हा मैत्रिणीने माझा दंड धरला. ती माझ्याकडे नवीनच माणूस बघावं तशी बघत होती. म्हणाली, "तू इंग्लिश बोललीस." तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागे कोणीतरी हसलंही होतं म्हणे. मी ऐकलंच नव्हतं.

दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये आमच्याच टेबलावर सर आणि तो इंजिनियर जेवायला बसले. वरणभात तो मन लावून जेवत होता. सरांनी त्याला विचारलं की इंग्रजी कधीपासून बोलता. त्यावर त्याने जे सांगितलं ते सरांनी आम्हाला पुन्हा मराठीत सांगितलं, इतकं ते त्यांना आवडलं. सुरुवातीची काही वर्षं तो परदेशी गेला की एक अक्षर बोलत नसे. लाज वाटायची. बरोबर दुभाषा असायचा, उत्तम इंग्रजी बोलणारा. एका ठिकाणी याने सांगितलं एक, दुभाष्याने सुंदर इंग्रजीत सांगितलं भलतंच आणि तिथला पंप फुटला. त्या दिवसापासून त्याने दुभाषा नेणं सोडलं. "नाउ आय स्पीक बॅड," तो म्हणाला, "बट पंप ओके." तो हसला नाही. भात कालवता कालवता सांगितलं आणि पुढचा घास घेतला.

माझी भीती त्या दिवशी तळोज्याला राहिली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पुढच्याच आठवड्यात सरांनी वर्गात मला उभं केलं आणि जीभ पुन्हा टाळूला चिकटली. फरक इतकाच की यावेळी मला स्वतःचा राग आला नाही, आश्चर्य वाटलं. त्या जिन्यावर जे आपोआप झालं ते इथे का होत नाही, याचा मी विचार करू लागले. तिथे मला काहीतरी जाणून घ्यायचं होतं. इथे मला फक्त चुकायचं नव्हतं.

मग आम्ही दोघींनी शिरवण्याला तिच्या गच्चीवर सराव सुरू केला. एकीने प्रयोग समजावून सांगायचा, दुसरीने वाट बघायची. शब्द अडला तर हातांनी दाखवायचं, छताच्या ऐवजी आभाळाकडे बघायचं, पण वाक्य सोडून पळायचं नाही. तिची आई बाजूला सुकट वाळत घालत असायची. एके दिवशी तिने आम्हाला विचारलं, ही कसली भाषा. इंग्रजी, असं मैत्रिणीने सांगितल्यावर ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "मंग ही त मना पन कलते." मला ती मोठी शाबासकी वाटली.

त्याच वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षेला परीक्षक वेगळे होते. जाड चष्मा, कडक इस्त्रीचा शर्ट. मैत्रीण माझ्या आधी आत गेली. दार अर्धवट उघडं होतं आणि मी बाहेर भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी प्रश्न विचारला. आतून काहीच आवाज येईना. ते मौन माझ्या ओळखीचं होतं. परीक्षकांनी विचारलं, तुला उत्तर येत नाही का. आणि मग तिचा आवाज आला, गॅलरीतल्यासारखा खणखणीत.

"आन्सर इज हिअर, सर. इंग्लिश इज कमिंग बिहाइंड."

मग त्या कडक माणसाच्या हसण्याचा आवाज आला, मोकळा. "लेट इट कम," ते म्हणाले. आणि ते आलं. थांबत थांबत, अडखळत, पण शेवटपर्यंत आलं. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. एवढं धाडस मी कधी बघितलं नव्हतं. तिने आपली उणीव त्यांच्या टेबलावर ठेवली होती आणि उत्तर हातात राखलं होतं.

ती बाहेर आली आणि मला आत ढकललं. त्यांनी मला आयोडीनच्या प्रयोगाबद्दल विचारलं, ज्यात दुसरं द्रावण थेंब थेंब टाकून आयोडीन संपवत आणतात. त्यात स्टार्च घालतात तो अगदी शेवटी का घालतात, सुरुवातीला का नाही. मला माहीत होतं. कुलूप लागायला लागलं, तेही कळलं. मी म्हणाले, "प्लीज वेट, सर. आय नो. आय ॲम फाइंडिंग वर्ड्स." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघू लागले. मला वेळ देण्यासाठी एक मोठा माणूस खिडकीबाहेर बघतोय, याचं मला कोण अप्रूप वाटलं. मी बोलले. चुकले, सुधारलं, पुन्हा चुकले. त्यांनी आणखी विचारलं, त्याचंही सांगितलं. बाहेर पडले तेव्हा ओढणीचं टोक मुठीत चोळामोळा झालं होतं. मार्क दोघींनाही बरे पडले, फार नाही.

संध्याकाळी आप्पा कामावरून आले. हातपाय धुऊन बसले आणि मला विचारलं, काय विचारलं आज. एरवी मी 'विचारलं बरंच काही' म्हणून उठले असते. त्या दिवशी सांगावंसं वाटलं. मी सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात अडले. शब्द सापडेना. मला कळेना हे काय होतंय. मग ध्यानात आलं की दहावीनंतर मी माझा विषय मराठीत कोणालाही सांगितलेला नव्हता. स्टार्चला काय म्हणतात, आयोडीन संपतं त्या एंड पॉइंटला काय म्हणतात, काही आठवेना. ज्या भाषेत मी बक्षिसं घेतली होती तिच्यात मी आमच्या घरात, माझ्या बापापुढे, गप्प बसले होते.

आप्पांनी भिंतीला पाठ टेकली. म्हणाले, "सावकाश सांग. मला कुठं जायचंय?"

मी स्टार्च म्हणजे काय ते हातांनी दाखवायला लागले. आई आतून म्हणाली, सुती साडीला घालतो ती खळ का? तीच, मी म्हणाले, आणि मला एकदम वाट मोकळी झाल्यासारखं झालं. आयोडीनला ही खळ फार आवडते, मी सांगितलं. एकदा तिने धरलं की लवकर सोडत नाही आणि रंग निळा होऊन बसतो. म्हणून आयोडीन जवळपास संपत आलं की मगच तिला आत घ्यायचं, नाहीतर ते नेमकं कधी संपलं ते कळत नाही.

आप्पा ऐकत होते. आई दारात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ तसंच.

"मग ती धरते कशानं?" आप्पांनी विचारलं.

हे मला परीक्षकांनीही विचारलं नव्हतं. मी जरा थांबले, विचार केला आणि सांगायला लागले.